सेकंडहँड डिझेल ब्रेझा, रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत

गाडी २०१८ सालची डिझेल विटारा ब्रेझा, जुनी घेतलेली. वापर सगळा किनारपट्टीवरचा: रत्नागिरी, गणपतीपुळे, जयगडची फेरीबोट, मधूनमधून आंबा घाटाने कोल्हापूर, आणि आंब्याच्या दिवसांत पेट्या. एक अख्खा पावसाळा आणि एक हंगाम अंगावरून गेल्यावर हे लिहीत आहे. गाडी चांगली आहे, कोकणासाठी पुन्हा तीच घेईन. पण इथे जुनी गाडी बघायला गेलेला माणूस किलोमीटर, टायर आणि सीटकव्हर बघून परत येतो. समुद्राच्या तोंडावर उघड्यावर उभी राहिलेली ४० हजार किलोमीटरची गाडी ही कराड-साताऱ्याकडे लाखभर चाललेल्या गाडीपेक्षा आतून जास्त खाल्लेली निघू शकते. इंजिनाचं काम पैसे टाकून होतं. गंजलेला सांगाडा पैसे टाकूनही पहिल्यासारखा होत नाही. म्हणून पहिली नजर तळाकडे.

गाडी रॅम्पवर चढवा किंवा लिफ्टवर घ्या, आणि हे धुण्याच्या आधी करा. धुतलेल्या तळावर ताजं काळं कोटिंग दिसलं तर खूश होण्याऐवजी थांबा. विक्रीच्या आठवड्यात मारलेलं रबर कोटिंग बहुतेक वेळा गंज झाकायला मारलेलं असतं. गंजावर रबर बसलं की मीठ आणि ओल आतच कोंडली जाते आणि पत्रा अधिक वेगाने सडतो. बोटाच्या नखाने कोटिंगची कड उचलून बघा. खाली तपकिरी भुकटी निघाली की समजायचं.

मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. दारांखालची पोकळ पत्र्याची पट्टी, चाकांच्या कमानींची आतली कड, मागच्या ॲक्सलची सांगाड्याला जोडलेली जागा, पुढचा क्रॉस मेंबर (सांगाड्याची आडवी तुळई), लोअर आर्मच्या (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) बैठकी, डिझेल टाकीचे पट्टे. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, आतून खाल्लेला बद्द वाजतो. वरवरची तांबूस झाक किनाऱ्यावरच्या प्रत्येक गाडीला असते, तिला घाबरायचं कारण नाही. पापुद्रे सुटत असतील किंवा जोडांच्या फटींतून गंज फुगून बाहेर आला असेल तर ती गाडी सोडा, किंमत कितीही पाडून मिळत असली तरी. तळाशी धावणाऱ्या ब्रेकच्या पोलादी नळ्या हात लावून बघा. त्यांवर खड्डे पडलेले असतील तर नळी फुटण्याची वाट बघायची नाही, किमतीतून तिचा खर्च वजा करून लगेच बदलायची.

मीठ तीन वाटांनी येतं. पहिली वाट हवा. दुसरी फेरीबोट: जयगड-तवसाळ, दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, आगरदांडा-दिघी, कुठेही जा, धक्क्याचा उतार ओहोटीला ओला आणि शेवाळलेला असतो, आणि टायर ते खारं पाणी सरळ तळावर उडवतात. तिसरी वाट सगळ्यात वाईट, ती म्हणजे पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत, गाडी घालणं. काही पर्यटक आणि काही गाववालेही हे हौसेने करतात. अशी गाडी ओळखायला मागचे ड्रम उघडून घ्या. आत बारीक वाळू, लायनिंगवर चरे आणि हँडब्रेकची केबल आखडलेली सापडली की गाडी किनाऱ्यावर पळवलेली आहे. सुट्या चाकाच्या खळग्यात आणि बंपरच्या आतल्या कडांनाही वाळू वर्षानुवर्षं राहते.

धुण्याबद्दल एक गोष्ट इथल्या लोकांनाही कधीकधी लक्षात येत नाही. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ असतं, मार्च-एप्रिलनंतर तर जास्तच. त्या पाण्याने रोज तळ धुणं म्हणजे रोज मीठ लावणं. फेरीबोटीने आल्यावर नळाच्या किंवा आतल्या गावच्या गोड्या पाण्याने चाकांच्या कमानी आणि तळ धुवा, नसेल तर धुऊ नका.

कोटिंग करायचंच, पण योग्य क्रमाने आणि कोरड्या दिवसांत, म्हणजे जानेवारी ते मे. आधी प्रेशरने धुणं, मग दोन दिवस पूर्ण वाळू देणं, मग वायर ब्रशने सुटा गंज काढणं, रस्ट कन्व्हर्टर (उरलेला गंज थोपवणारं रसायन), त्यावर एपॉक्सी प्रायमर, आणि शेवटी कोटिंग. पोकळ भागांत, म्हणजे दारांखालच्या पट्टीत आणि दारांच्या आत, मेणाचा कॅव्हिटी स्प्रे लागतो. रबर कोटिंग तिथे पोचतच नाही. कोटिंगवाल्याला दारांच्या तळाची निचऱ्याची भोकं बुजवू देऊ नका. ती बुजली की काचेवरून उतरलेलं पाणी दारातच साचतं आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो.

पुराची गाडी हा वेगळा विषय. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले, त्याआधी २०१९ ला सांगली-कोल्हापूर. त्यांतल्या काही गाड्या पुसून-सुकवून पुन्हा बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा: गाळाची फिकट रेघ आणि ताठर झालेला पट्टा तिथे हमखास राहतो, कारण तो कोणी पूर्ण धूत नाही. पुढची सीट सरकवून रुळांचे बोल्ट, पॅडलांच्या वरचे कंस, डॅशबोर्डाखालच्या फ्यूजबॉक्सच्या पिना बघा. कार्पेटचा कोपरा उचलून खालच्या फोमला बोट लावा. आत सुगंधी गोळ्या दोन-तीन ठिकाणी लटकवलेल्या असतील तर नाक जास्त लावा. सर्व्हिस सेंटरमध्ये नोंदणी क्रमांकावरून जुना इतिहास काढता येतो; जुलै-ऑगस्टमधलं मोठं विमाकाम दिसलं की प्रश्न विचारायला आधार मिळतो.

आता गाडीविषयी. इंजिन १२४८ सीसी, फियाटच्या मल्टिजेट घराण्यातलं, ९० पीएस ताकद आणि २०० एनएम टॉर्क. स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा या सगळ्यांत हेच इंजिन होतं, त्यामुळे लांज्यापासून कणकवलीपर्यंत कुठल्याही बऱ्या गॅरेजला ते पाठ आहे आणि सुटे भाग मिळतात. २०२० मध्ये बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचं नवं मानक आलं तेव्हा कंपनीने डिझेल बंद केलं, म्हणजे डिझेल ब्रेझा आता जुनीच मिळणार. २०१८ च्या सुधारणेनंतर सगळ्या प्रकारांत दोन एअरबॅग आणि एबीएस आले, म्हणून शक्यतो त्यानंतरची घ्या.

जमिनीपासूनची उंची १९८ मिलिमीटर. वाडीतल्या जांभ्याच्या उंचसखल रस्त्याला ती पुरते, तळ क्वचितच घासतो. लांबी चार मीटरच्या आत असल्याने अरुंद घाटीत वळते. रुंदी मात्र १७९० मिलिमीटर आहे. दोन्ही बाजूंना गडगे (दगडी कुंपणं) असलेल्या पाणंदीत आरसे मिटूनच जायचं. कंपनीचा अधिकृत आकडा लिटरला २४.३ किलोमीटरचा आहे. घाट, एसी आणि मुंबई-गोवा महामार्गावरची वळवावळवी धरली तर इथे १७ ते २० च्या दरम्यान मिळतं, आणि मला ते समाधानकारक वाटतं.

घाटात या इंजिनाचा एक स्वभाव सांभाळावा लागतो. साधारण १८०० आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो. आंबा घाटातल्या वळणावर तिसऱ्यातच ओढत राहिलात तर गाडी मरगळते, आणि मग चालक अर्धा क्लच दाबून ती चढवतो. जुन्या गाडीतला क्लच संपतो तो असा. घेताना चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढले आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतो आहे, प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्र बदलायचा खर्च धरा. उतरताना दुसरा गिअर आणि इंजिनाचा रोध वापरा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, कोकणात ती ओल भरपूर. जुनं ऑइल लांब उतारावर तापून त्यात वाफ धरते आणि पॅडल खाली जातं. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलणं इथे टाळू नये.

इंजिन थंड असतानाच बघायला जा. बॉनेटला हात लावा. गरम असेल तर नंतर येतो म्हणावं. या इंजिनाला टायमिंग चेन आहे, पट्टा नाही. सुरू केल्यावर क्षणभर खळखळ होऊन थांबली तर ठीक, चालूच राहिली तर चेन ताणलेली आहे किंवा टेन्शनर (तिला घट्ट धरणारा भाग) गेलेला आहे, आणि ऑइल बदलायला उशीर हे त्याचं नेहमीचं कारण. ऑइलचं झाकण काढून इंजिन सुरू ठेवा: भसाभसा वाफ आणि धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. काळा धूर म्हणजे एअर फिल्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) किंवा इंजेक्टर. निळा म्हणजे ऑइल जळतंय, टर्बो किंवा रिंगा. गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर कूलंट आत जातंय का ते आधी तपासा. जांभ्याची लाल धूळ एअर फिल्टर लवकर भरते. उन्हाळ्यात मातीच्या रस्त्यावरचा वापर असेल तर पुस्तकातल्या अंतराची वाट न बघता मध्येच काढून झटकावा, आणि बदलतानाही अलीकडेच बदलावा. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढत राहा आणि पावसाळ्यात टाकी अर्ध्याच्या वर ठेवा, म्हणजे आत ओल धरायला जागा राहत नाही.

विजेच्या तक्रारींपैकी बऱ्याच इथे अर्थिंगच्या असतात. बॅटरीपासून सांगाड्याकडे जाणारी पट्टी गंजली की दिवे मंद, स्टार्टर सुस्त, डॅशबोर्डवर भलतेच दिवे. लोक बॅटरी बदलतात आणि तक्रार तशीच राहते. मल्टिमीटरने बघा: इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट, चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. टर्मिनल घासून व्हॅसलीन लावा.

आंब्याच्या पेट्यांना वापरलेली गाडी बघूनच कळते. डिकीच्या कोपऱ्यांत पेंढ्याची काडी, आतल्या प्लास्टिकवर लाकडाचे ओरखडे, मागची बाजू बसलेली. दोन्ही बाजूंना टायर आणि कमानीतलं अंतर सपाट जागी मोजा, तफावत असेल तर स्प्रिंगा गेल्या. भरलेली लाकडी पेटी २० किलोच्या घरात जाते. मागची सीट पाडून चालकासह १५ पेट्या इथवर गाडी नीट वागते. त्यापुढे पुढचं चाक हलकं पडतं आणि घाटात ब्रेक लांबतो. टायरमधली हवा चालकाच्या दाराशी असलेल्या स्टिकरवर भाराप्रमाणे दिलेली असते, तीच भरा.

पावसाळ्यात सगळ्यात जास्त त्रास काचेखालच्या जाळीने होतो. आंब्या-फणसाखाली गाडी लावली की पानं त्या जाळीत कुजतात, निचरा बंद होतो आणि पाणी ब्लोअरमधून पायाशी उतरतं. जूनआधी जाळी उघडून हाताने कचरा काढावा, पुढे दर पंधरा दिवसांनी. गाडीवर प्लास्टिकचं आवरण घालू नका, आत वाफ कोंडून सीटबेल्ट आणि स्टिअरिंगवर बुरशी येते. वर छप्पर आणि चारी बाजू उघड्या हीच जागा उत्तम. दोन-चार दिवस गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा, नाहीतर मागचे ब्रेक चिकटतात. सरपणाच्या ढिगाजवळ लावू नका. उंदीर वायरिंग कुरतडतात आणि ते शोधण्यात दिवस जातात.

कागदांत मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांचे, कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५ आणि आरसीवरून बोजा उतरल्याची खात्री. दिल्लीत जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात येतात. तिथला फॉर्म २८ चा एनओसी (ना-हरकत दाखला) आणि महाराष्ट्राचा रस्ताकर जमेत धरल्यावर स्वस्ताई फारशी उरत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का बघा, थकलेले ई-चलान विक्रेत्याकडूनच भरून घ्या. विमा हस्तांतराच्या १४ दिवसांत नावावर करा. नो क्लेम बोनस विक्रेत्याकडेच राहतो. साध्या पॉलिसीत पाणी शिरून गेलेलं इंजिन सहसा धरत नाहीत, म्हणून इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी. आणि गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतात. एअर फिल्टरचा डबा उघडा, आत ओल दिसली तर गाडी ओढून गॅरेजला न्या आणि इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवू देऊ नका.