‘शुगर फ्री’ डब्याचे 42,260 रुपये

माझी सगळी नोकरी बँकेत झाली. सही करण्यापूर्वी कागदाची मागची बाजूही वाचा, असे मी खातेदारांना वर्षानुवर्षे बजावत आले. त्यामुळे वजन कमी करून देणाऱ्या एका केंद्रात माझे 42,260 रुपये कसे गेले हे वयाच्या 58 व्या वर्षी लिहिताना मान खाली जाते. नोंदणीचे 2,500, दरमहा 11,800 प्रमाणे तीन महिन्यांच्या किटचे (म्हणजे ग्लासात घालून प्यायची पूड असलेल्या डब्यांचे) 35,400 आणि ‘डायबेटिक स्पेशल’ खाखरे-बिस्किटांचे 4,360, असा तो हिशेब आहे.

मी काही आयते बारीक व्हायला निघाले नव्हते. डॉ. दीक्षितांच्या पद्धतीने दिवसातून दोनदा, 55 मिनिटांच्या आत जेवण्याचा प्रयोग मी पाच महिने केला. मग ऋजुता दिवेकर यांचे ऐकून दर दोन तासांनी थोडे थोडे खाऊन पाहिले. दोन्ही माझ्याच हातून सुटले, पण त्यात पदरचा रुपया गेला नव्हता. गुडघे दुखत होते, साखर मधुमेहाच्या गोळीवर कशीबशी काठावर होती आणि केंद्र नाशिकमधल्या आमच्याच गल्लीच्या तोंडाशी होते. अशा वेळी ‘मोफत वजन तपासणी’च्या पत्रकाला कोणीही भुलले असते, असे मला अजूनही वाटते.

पहिल्या दिवशी माझे वजन सायंकाळी, चहा-पोहे झाल्यावर, साडीनिशी घेतले आणि पुढची सगळी सकाळी, उपाशीपोटी, हलक्या पंजाबी ड्रेसमध्ये. दोन्ही हातांत धरायच्या एका यंत्राने माझ्या शरीराचे वय 71 असल्याचे सांगितले. (ते यंत्र अंगातल्या पाण्याच्या अंदाजावर चालते आणि सकाळ-संध्याकाळ निराळे आकडे दाखवते, हे मला फार उशिरा कळले.) दोन आठवड्यांत 3.6 किलो उतरले तेव्हा टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. जेवण एकदम तोडले की शरीर साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, वापरते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाहेर पडते. म्हणजे टाळ्या बव्हंशी पाण्यासाठीच वाजल्या होत्या. पुढे काटा हलेना, तेव्हा “काकू, तुम्ही चोरून खाता” हे ऐकून घ्यावे लागले.

आता, मी भानावर यायला हवे होते त्या क्षणाविषयी. नवव्या दिवशी डबा गॅसजवळ राहिला आणि वाफेने त्यावरच्या ‘शुगर फ्री, लो कॅलरी’ या स्टिकरचा कोपरा सुटला. खाली छापील मजकूर होता. घटकांमध्ये पहिले नाव माल्टोडेक्स्ट्रिन. शंभर ग्रॅममागे ऊर्जा 364 किलोकॅलरी, कर्बोदके 68 ग्रॅम, साखर 0.4 ग्रॅम. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणजे डब्यात सर्वाधिक काय आहे ते माझ्या डोळ्यांसमोर होते. मी काय केले? अंगठ्याने दाबून स्टिकर पुन्हा बसवले. केंद्रातल्या मुलीला विचारले, तर ती “ते वनस्पतीचे तंतू असतात, काकू” म्हणाली आणि तेवढ्यावर मी गप्प बसले. 11,800 रुपये भरून झालेल्या माणसाला खोटे पटवून घ्यायचेच असते.

माल्टोडेक्स्ट्रिन हे तंतू नव्हे. तो स्टार्चपासून केलेला, वेगाने साखर चढवणारा पदार्थ आहे आणि त्याच्या एका ग्रॅममधून साखरेइतक्याच, चार, कॅलरी मिळतात. तरीही लेबलवर तो ‘साखर’ या ओळीत येत नाही आणि शंभर ग्रॅममध्ये 0.5 ग्रॅमपर्यंत साखर असेल तर ‘शुगर फ्री’ म्हणण्याची नियमात मुभा आहे. ‘लो कॅलरी’ मात्र निखालस खोटे होते, कारण घन पदार्थासाठी ती मर्यादा शंभर ग्रॅमला 40 किलोकॅलरी आहे. 364 म्हणजे जवळपास आपली कणीकच. तीही 500 ग्रॅमला 3,400 रुपये दराने! ‘एका ग्लासात फक्त 91 कॅलरी’ असे कोणी म्हटले, तर आधी ग्लासात किती ग्रॅम पूड घातली ते विचारा.

केंद्रातल्या लोकांच्या सांगण्यावरून मी मधुमेहाची गोळी अर्धी केली, हे लिहायलाही हात धजत नाही. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी 6.9 वरून 8.1 वर गेली. डबे विकणाऱ्या माणसाला तुमच्या गोळ्यांविषयी तोंड उघडू देऊ नका. याहून वाईट म्हणजे मी वन्संनाही तिथे नेले. “वहिनी, तुम्ही बँकेतल्या, पाहूनच घेतले असेल,” असे म्हणत त्यांनी 14,300 रुपये भरले.

तक्रारीची कथा त्याहून कडू आहे. पत्रकात ‘मधुमेह मुळापासून बरा’ असे छापले होते. औषध म्हणून अशा जाहिराती करण्यास मनाई करणारा 1954 चा कायदा छापून मी पोलीस चौकीत गेले, तर हवालदारांनी त्या कागदावर चहाचा ग्लास ठेवला आणि ही वस्तू खाद्यपदार्थ असल्याचे सांगून मला दुसऱ्या कार्यालयात धाडले. त्या कार्यालयात मला सांगण्यात आले की, मधुमेह बरा करण्याचा दावा म्हणजे औषध, तेव्हा हा विषय त्यांचा नाही. चौथ्या खेपेला एका साहेबांनी डबा हातात घेतला. खाद्यपदार्थाचा परवाना क्रमांक 14 अंकी असतो. माझ्या डब्यावर 13 अंक होते. साहेबांनी ते टंकले आणि म्हणाले, “हा क्रमांक संगणकात येतच नाही, मग आम्ही कारवाई कोणावर करायची?” परवानाच नाही म्हणून कारवाई नाही, हे तर्कशास्त्र मी जिना उतरेपर्यंत पचवत होते. शिवाय डबा उघडलेला, म्हणून नमुना घेता येणार नाही, असेही त्यांनी ऐकवले. पूड न खाता तिच्यावर संशय घ्यायचा तरी कसा? म्हणून एक डबा सीलबंद ठेवा. ‘सभासद वर्गणी’ लिहिलेली चिठ्ठी घेऊ नका, जीएसटी क्रमांक असलेले बिल मागा. देत नसतील तर तिथूनच परत फिरा.

माझ्याकडे बिल नव्हते, यूपीआयच्या नोंदी होत्या. त्यांच्या आधारे वकिलाशिवाय जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली; पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नसते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांकही लिहून ठेवा. वन्संचे 14,300 मी दोन हप्त्यांत परत केले. पैसे त्यांनी घेतले, पण फोन अजून माझ्या यजमानांनाच येतो.

गेल्या रविवारी वर्तमानपत्रातून नवे पत्रक पडले. केंद्राचे नाव बदलले आहे, गाळा तोच आहे आणि वजन तपासणी याही वेळी सायंकाळी सहानंतरच आहे. ते पत्रक मी तक्रारीच्या फाइलला जोडले आहे.