ट्यूबलेस टायरवर नऊ महिने: जांबुघोडा, कंबोई आणि सुकलेलं सीलंट

हा अनुभव सहा महिने झाले तेव्हाच लिहायचा होता आणि तो कौतुकाने ओथंबलेला होणार होता. कंटाळा केला ते बरं झालं. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, खंभातच्या आखाताकाठच्या कावी गावाच्या अलीकडे, जिथे सावलीला झाड म्हणून फक्त वेडी बाभूळ आहे, तिथे मागचं चाक बसलं. फुस्स नाही, फट्ट नाही. म्हातारं माणूस हळूच खाली बसतं तसं बसलं.

सायकलीचं वर्णन करत नाही. वाकडं हँडल, डिस्क ब्रेक, ४० एमएमचे टायर, सगळं तुम्हाला माहीत आहे. गिअर ठीक. सीट बदलावी लागली, पण तो सायकलीचा दोष की माझा, यावर घरात मतभेद आहेत. मला बोलायचंय ते टायरांच्या पोटातल्या पांढऱ्या चिकाबद्दल, म्हणजे सीलंटबद्दल: ट्यूबऐवजी तो थेट टायरमध्ये घालतात आणि काटा टोचला की तो भोक आतून बुजवतो.

सप्टेंबरात सायकल घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला, ट्यूब काढून टाका, सीलंट घालून देतो, मग बघायलाच नको. 'बघायलाच नको' हे त्याचेच शब्द, मी विसरलेलो नाही. मजुरीसकट जे पैसे लावले त्यात आमच्या दांडिया बाजारच्या सायकलवाल्याने मला पाच वर्षं पंक्चर काढून दिली असती. तरी दिले, कारण बडोद्याभोवती ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या खडीचे रस्ते, म्हणजे काटे, हे इथे सायकल चालवणाऱ्या पोरालाही कळतं. नर्मदेच्या शाखा कालव्यांच्या कडेने मुरुमाचे सुंदर रस्ते आहेत, पण दोन्ही बाजूंना गांडो बावळ, म्हणजे तीच वेडी बाभूळ. वाळलेला काटा चपलेतून आरपार जातो.

पहिले काही महिने मात्र नुसतं सुख. गाडीमागे सायकल बांधून शिवराजपूरपर्यंत जायचं, तिथून जांबुघोड्याकडे. चांपानेरचं नाव २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून सगळी गर्दी पावागडाला थांबते, पुढे तुम्ही आणि साग. शिवराजपूरला पूर्वी मँगनीजच्या खाणी होत्या. जांबुघोडा अभयारण्य सुमारे १३० चौरस किलोमीटरचं, १९९० साली जाहीर झालेलं. आत वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही, पण गावागावांना जोडणारे कच्चे रस्तेही कमी नाहीत. साग, बांबू, पळस, मोह. गडगड्या खडीवर ३८ पीएसआय दाबाने हवा भरलेलं मागचं चाक असं चालतं की कमरेला पत्ता लागत नाही. हीच वाट मी ट्यूब घातलेल्या जुन्या सायकलीने केली होती तेव्हा घरी येऊन शेक घ्यावा लागला होता.

मार्चमध्ये तिथे पहाटे जा. मोहाची फुलं पडलेली असतात आणि राठवा आदिवासी बायका टोपल्या घेऊन वेचत असतात. हा वास कोणाला आवडतो, कोणाला डोक्यात जातो, मी पहिल्यातला. फक्त घंटी वाजवत चला, ती फुलं अस्वलांनाही आवडतात. माझ्या सायकलीला घंटी नव्हती, ऐंशी रुपयांची लावली. या सायकलीवरचा सगळ्यात वसूल झालेला खर्च तोच.

आता समुद्र. आपण मराठी माणसं समुद्र म्हटलं की मुरुड-हर्णैची वाळू डोळ्यांपुढे आणतो. खंभातच्या आखातात तसं काही नाही. चहाच्या रंगाचं पाणी, मैलभर चिखल आणि मिठाने पांढरी झालेली जमीन. कावीजवळच्या कंबोईचं स्तंभेश्वराचं देऊळ भरतीत दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं आणि ओहोटीला पुन्हा वर येतं, ते एकदा बघाच. माझ्या आजोळी भरतीचं गणित होतं: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, आली वेळ. ते रत्नागिरीला लागू. मी ऐटीत तेच लावून कंबोईला पोचलो तर समोर नुसता चिखल. आखाताच्या आतल्या टोकाकडे भरती कित्येक तास उशिरा पोचते. देवळाचं वेळापत्रक बघा, आजोबांचं नको.

रस्ता म्हणून मात्र हा किनारा सायकलीचा शत्रू आहे. पावसात काळी माती टायरला अशी चिकटते की चाक फिरेना, आणि उन्हाळ्यात खार चेनला खातो. दोनच फेऱ्यांत चेन तांबूस झाली. परत आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेल. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही.

तर चाक बसलं. पंप मारला, हवा आत जाते आणि कुठूनतरी बाहेर. चाक फिरवून चीक भोकाशी आणायचा म्हटलं तर आत चीकच नाही. टायर उघडला. दुधावरची साय पातेल्याला वाळून चिकटावी तसा पापुद्रा, आणि मध्ये रबराच्या दोन गोट्या. बस्स. जवळ ट्यूब होती, शहाणपणाने ठेवलेली. ती घातली, हवा भरली, शंभर पावलं गेलो, पुन्हा बसलं.

आधी मी ट्यूबला शिव्या दिल्या. मग टायरमध्ये बोट फिरवलं आणि बोटाला रक्त आलं. आत काट्यांची टोकं होती. एक नाही, दोन नाही. कावीपर्यंत सायकल ढकलत नेली, तिथल्या पंक्चरवाल्याने पक्कड दिली आणि दोघांनी मिळून मागच्या एका टायरमधून ३७ काटे उपटले. सदतीस! त्याला इतकी गंमत वाटली की त्याने ट्यूबच्या ठिगळाचे पैसे घेतले नाहीत, चहाचे मीच दिले. काटे मी होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत आणलेत, पुरावा म्हणून.

पुरावा घेऊन सोमवारी दुकानात. पोरगा बाटलीकडे बघून म्हणाला, "काका, ए तो सुकाई ज जाय ने!" म्हणजे, ते तर सुकणारच. मग हे सप्टेंबरात का नाही सांगितलं? तेव्हा तर बघायलाच नको होतं! मालक आले, सीलंटवर दहा टक्के सूट देऊ म्हणाले. माझं एकच म्हणणं होतं: सूट नको, चूक झाली म्हणा. ते काही म्हणाले नाहीत. मीही सूट घेतली नाही. सौ.च्या मते हा मूर्खपणा होता.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि शेवटी 'ट्यूबलेस म्हणजे फसवणूक' असं लिहिणार होतो. पण ती बाटली टेबलावर समोर होती. सदतीस काटे, आणि मला त्यातला एकही कळला नव्हता. जुन्या सायकलीवर हीच सदतीस पंक्चरं झाली असती. जांबुघोड्याच्या वाटेवर एकेक करत मी अजून ठिगळं लावत बसलो असतो. चीक होता तोवर त्याने इमानेइतबारे काम केलं. तेव्हा वाक्य बदलतो: टायर चांगला, विकणारा अर्धवट.

थोडा दोष माझाही. मार्चपासून हवा भरताना पंपावरच्या दाबाचा काटा एकदम साठावर उडायचा आणि हवा मात्र जायची नाही. वाळलेला चीक व्हॉल्व्हच्या कोअरमध्ये, म्हणजे आतल्या बारीक झडपेत, अडकल्याची ती खूण. मी पंपालाच दोष देत राहिलो.

आता माझी पद्धत अशी आहे. व्हॉल्व्ह खाली आणून हवा सोडायची, कोअर काढायचा आणि भोकातून बारीक केबल टाय आत घालून बघायचा, स्कूटरचं ऑइल काडीने बघतो तसा. टोक ओलं आलं तर ठीक. कोरडं आलं तर औषधाच्या दुकानातल्या दहा रुपयांच्या सिरिंजने ८० मिली आत. बडोद्याच्या उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी. पावसाळ्यात तीन चालतील असा अंदाज आहे, या वर्षी कळेल. दोन चाकं, वर्षाला साधारण एक लिटर. मी आणि शेजारच्या सोसायटीतले दोघे मिळून मोठी बाटली मागवतो, त्यामुळे एकेकाला किरकोळीपेक्षा बरंच स्वस्त पडतं. हो, आणि ट्यूबलेस असलं तरी बरोबर ट्यूब आणि छोटी पक्कड ठेवाच. काटे न काढता ट्यूब घालू नका, मी सांगतोय.

काल पुढचं चाक उघडलं. तेही कोरडं ठाक, काटे १९, आणि तरीही त्यात हवा होती. बाटली आता भरत आलीय. सौ. म्हणते, ती देवघराशेजारच्या फळीवरून आधी हलवा.