पर्ल जॅमचा ‘टेन’: १९९१चा की २००९चा?

पर्ल जॅम या अमेरिकन रॉक बँडचा ‘टेन’ हा अल्बम घ्यायचा ठरला की पुढचा प्रश्न येतोच: कुठला? एक १९९१चा, रिक पराशरने सिॲटलला रेकॉर्ड केलेला आणि टिम पामरने इंग्लंडात डॉर्किंगला मिक्स केलेला, म्हणजे सुटी रेकॉर्ड केलेली वाद्यं आणि आवाज एकत्र जुळवलेला. दुसरा २००९चा ‘रीडक्स’, म्हणजे त्याच मूळ टेप घेऊन ब्रेंडन ओब्रायनने नव्याने केलेलं मिक्स. गाणी तीच अकरा, वाजवणारेही तेच. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि बरीच वर्षं मी आलटूनपालटून ऐकतोय.

जुन्या मिक्सवरचा आक्षेप सगळ्यांना ठाऊक आहे: रिव्हर्ब फार. सगळं मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये वाजल्यासारखं घुमतं. आक्षेप खरा आहे, बँडलाही ते खुपत होतं. जेफ अमेंटचा बेस त्या घुमण्यात बुडून जातो. ‘जेरेमी’च्या सुरुवातीचा बारा तारांचा बेस तेवढा सुटा ऐकू येतो. ‘रीडक्स’मध्ये ‘व्हाय गो’चा बेस पहिल्यांदा नीट कानावर पडला तेव्हा मी गाणं तीनदा मागे नेलं. स्टोन गोसार्ड आणि माइक मक्रीडी यांच्या गिटारीही वेगवेगळ्या ओळखू येतात. वाद्य शिकणाऱ्याने डोळे मिटून हाच घ्यावा. शिवाय सहा जादा गाणी आहेत, त्यात ‘ब्रदर’ शब्दांसकट. २००३च्या ‘लॉस्ट डॉग्ज’ संग्रहात ते नुसतं वाद्यांवर होतं.

माझं अडलं ते ‘रिलीज’पाशी.

बँडचा गायक एडी व्हेडरने हे गाणं वडिलांना उद्देशून गायलंय. ज्यांना तो बाबा समजत होता ते सावत्र. खरे वडील कोण हे कळलं तोवर ते वारले होते. ‘अलाइव्ह’ या गाण्याचा उगमही तिथलाच. जुन्या मिक्समध्ये गिटारची संथ, फिरत राहणारी सुरावट आधी येते आणि तिच्या मागून, लांबून, आवाज येतो. चढत चढत शेवटी अंगावर येतो. ‘रीडक्स’मध्ये तोच आवाज सुरुवातीपासून कानाशी. शब्द स्वच्छ कळतात, श्वाससुद्धा. पण हाकेच्या पलीकडे गेलेल्या माणसाला हाक मारायची तर मध्ये अंतर हवंच ना? तेच पुसलं गेलंय.

एकदा हे खुपलं आणि मग जागोजागी जाणवायला लागलं. ‘ओशन्स’साठी पामरने मिक्सिंगच्या वेळी मिरपुडीची डबी आणि आग विझवायचं नळकांडं वाजवलं होतं. त्या गाण्यातलं लाटांसारखं भरणं-ओसरणं मला जुन्यातच सापडतं. रात्री हेडफोनवर ‘रीडक्स’ लावला की ‘पोर्च’पर्यंत कान थकतात, आवाज कमी करावा लागतो. जुना मात्र ५३ मिनिटं सलग ऐकवतो. मोजमाप काही केलेलं नाही. माझ्या हेडफोनचाही दोष असू शकेल.

दोन्ही डिस्क असलेला २००९चा संच मिळाला तर प्रश्नच मिटला. एकच घ्यायचा असेल तर ‘रिलीज’ दोन्हीकडचं, रात्री दिवे मालवून, एकापाठोपाठ ऐकून बघा. ‘रीडक्स’ मी अजूनही लावतो, पण दिवसा, गिटार हातात असताना.