किनारी पक्ष्यातला नवा कृमी: सूक्ष्मदर्शक की डीएनए?

तुतवार किंवा चिखल्याच्या आतड्यात सापडलेला कृमी कुठल्याच ज्ञात वर्णनाशी जुळेना, तर नवी प्रजाती म्हणायला आधार कशाचा घ्यायचा?

शरीररचनेची वाट जुनी आणि चिकाटीची. पट्टकृमी (फितीसारखा चपटा कृमी) कार्माइनने रंगवायचा, कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेत काचपट्टीवर बसवायचा आणि डोक्यावरचे आकडे (म्हणजे हुक), वृषणांची संख्या, मांडणी तपासत बसायचं. आकड्यांची लांबी मायक्रोमीटरमध्ये. पक्षी मरून बराच वेळ गेला असेल तर आकडे गळतात, मग निम्मी ओळखच गेली! तरीही जुन्या वर्णनांशी ताडून पाहायचं तर हाच मार्ग. फॉर्मेलिनमधल्या जुन्या नमुन्यांतून धड डीएनए मिळणं कठीण.

डीएनए उपयोगी पडतो तो जीवनचक्र जुळवताना. मिठागरातल्या आर्टेमियात (कोळंबीसारख्या इवल्या जीवात) वाढणाऱ्या पट्टकृमीच्या अळीला निदान आकडे असतात. चिखलातल्या गोगलगायीत वाढणाऱ्या पर्णकृमीच्या (पानासारख्या चपट्या कृमीच्या) अळीत मात्र प्रौढाची प्रजननेंद्रियं तयारच नसतात, तिथे नजर हरते. जनुकक्रम जुळला की अळी कुणाची ते कळतं. दिसायला सारख्या पण वेगळ्या प्रजातीही अशाच सुट्या होतात.

पण नुसत्या क्रमावर नाव देणं मला पटत नाही. प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार १९९९ नंतरच्या नव्या प्रजातीसाठी प्ररूप नमुना, म्हणजे त्या नावाचा आधार ठरणारा नमुना, नेमून द्यावाच लागतो, आणि पुढचा अभ्यासक तोच बघायला मागणार. म्हणून माझा कौल काचपट्टीला, डीएनए जोडीला. त्याच कृमीचा छोटा तुकडा डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये ठेवावा. डोकं मात्र त्यासाठी खर्ची घालू नये.