युनिव्हर्सल अडॅप्टर की तिकडचीच पॉवर कॉर्ड?
अमेरिकेला लॅपटॉप नेताय तर आधी चार्जरच्या ठोकळ्यावर बारीक अक्षरात इनपुट काय लिहिलंय ते बघा, १००-२४० व्होल्ट असेल (बहुतेक सगळ्यांवर असतंच) तर तिकडच्या १२० व्होल्टवर तो आरामात चालतो, कन्व्हर्टर लागतच नाही. राहिला प्रश्न पिनचा.

युनिव्हर्सल अडॅप्टर एअरपोर्टवरही मिळतो, तीन-चार देश फिरायचे असतील तर सोयीचा, पण स्वस्तातल्या बऱ्याच अडॅप्टरमधून अर्थिंग पुढे जातच नाही, मग मेटल बॉडीच्या लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात, शिवाय सॉकेट सैल असेल तर तो लोंबकळतो आणि पिनपाशी गरम होतो.

कॉर्डचं तसं नाही. ठोकळ्यापासून भिंतीकडे जाणारी वायर बऱ्याच चार्जरची सुटी निघते ना, तेवढीच अमेरिकन तीन पिनची घ्यायची, ठोकळा आपलाच. अर्थिंग थेट मिळतं. ब्रिटनच्या कॉर्डला तर प्लगमध्येच फ्यूज असतो. फक्त ठोकळ्याकडचं टोक तीन पाकळ्यांचं आहे ना ते बघून घ्या.

शिकायला जाणाऱ्या पोरांनी कॉर्डच घ्यावी असं मला मनापासून वाटतं, रात्रभर चार्जिंगला लावून झोपता रे तुम्ही! आठवड्याच्या ट्रिपला अडॅप्टर चालेल, पण अर्थ पिनवालाच घ्या.