रॉड, सीओटू की आरगॉन? वेल्डिंगच्या खर्चाचा हिशेब

दुकानात वेल्डिंगच्या रॉडचा पुडा आणि सीओटू मशीनच्या तारेचं रीळ शेजारी ठेवलं, तर किलोमागे भाव फारसा वेगळा दिसत नाही. (सीओटूत तार मशीनमधून आपोआप पुढे सरकते आणि वितळलेल्या धातूभोवती कार्बन डायऑक्साइडचं आवरण राहतं.) मग नजर जाते मशीनच्या किमतीकडे, आणि माणूस रॉडवरच थांबतो. गोव्यात डिचोलीच्या आमच्या शेडमध्ये मीही बरीच वर्षं तेच केलं. एका छपराच्या कामाला रॉडचे पुडे मोजून भाव दिला. तीन दिवसांचं काम आठ दिवस चाललं आणि नफा सगळा मजुरीत गेला.

हिशेब मालापासून नाही, सांध्यापासून सुरू करा. ६ एमएमचा फिलेट घ्या, म्हणजे काटकोनात ठेवलेल्या दोन पत्र्यांच्या कोपऱ्यात भरलेला तिकोनी सांधा. त्याचा छेद १८ चौरस एमएम, म्हणजे मीटरला १४१ ग्रॅम पोलाद. थोडा फुगवटा येतोच, म्हणून १६० धरू. १०० मीटरला १६ किलो धातू सांध्यात बसायला हवा.

आता रॉडमधलं सगळं सांध्यात जात नाही. स्लॅग (सांध्यावर जमणारी कडक खपली), ठिणग्या, होल्डरमध्ये उरणारं थोटूक हे सगळं वजा करता साधारण ६० टक्के हाती लागतं. तारेचं ९३ टक्क्यांच्या आसपास. त्याहून मोठा फरक वेळेचा. रॉडवाल्याचा आर्क, म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत, दिवसभरात पाव वेळच पेटलेला असतो. बाकी वेळ रॉड बदलणं आणि चिपिंग हातोडीने स्लॅग उडवणं. तारेवर तो वेळ तिसऱ्या हिश्श्यापुढे जातो, आणि आर्क पेटलेला असताना धातूही दुपटीने पडतो.

पुढचे दर माझ्या अंदाजाचे आहेत, तुमचे घालून बघा: रॉड ११० रुपये किलो, तार १२०, सीओटू ५० रुपये किलो, वेल्डर शेडच्या खर्चासकट तासाला २००.

| १०० मीटर | रॉड | सीओटू |
|---|---|---|
| रॉड / तार | २७ किलो, २,९७० | १७ किलो, २,०४० |
| गॅस | नाही | ५५० |
| वीज | ५०० | ३०० |
| वेळ | ५३ तास, १०,६०० | १८ तास, ३,६०० |
| एकूण रुपये | १४,०७० | ६,४९० |

मीटरला १४१ रुपये विरुद्ध ६५. एवढं बघून मशीन आणायला निघालात तर जरा थांबा. या बचतीतले ७,००० रुपये मजुरीचे आहेत, आणि वेल्डर महिन्याच्या पगारावर असेल तर वाचलेल्या ३५ तासांत त्याला दुसरं काम द्यावं लागेल. ऑर्डर नसेल तर खिशात पडतात फक्त ५८० रुपये. मशीनच्या किमतीतला फरक ६०,००० धरा: हाती काम भरपूर असेल तर तो ८०० मीटरमध्ये फिटतो, नसेल तर १०,००० मीटर लागतील. कुंडईच्या किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एकाच मापाच्या फ्रेम महिनोन्महिने बनवणाऱ्याने सीओटूच घ्यावं. महिन्याला दोन गेट आणि चार ग्रिल करणाऱ्याने रॉडच ठेवावा. मी आणखी दोन वर्षं ठेवला असता तरी चाललं असतं.

शेडबाहेरचं काम असेल तर हे गणित उलटतं. समुद्राकडून दुपारचा वारा सुटला की सीओटूचा गॅस उडून जातो आणि सांध्यात छिद्रं पडतात. ताशी ८ किलोमीटरचा वारासुद्धा पुरतो. बार्जच्या डेकवर आडोसा बांधत बसण्यापेक्षा रॉडचा होल्डर उचललेला परवडतो. पण आपल्याकडे मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ट्रॉलरच्या दुरुस्त्या नेमक्या भर पावसात येतात. तेव्हा रॉड ओलावतात. आमच्याकडे बंद पडलेल्या फ्रिजमध्ये बल्ब लावून पुडे ठेवतात. ६०१३ या नेहमीच्या रॉडला तेवढं भागतं. जड कामाचा ७०१८ रॉड ओलावला असेल तर मात्र तो ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास ओव्हनमध्ये भाजावाच लागतो. त्याची वीज आणि वेळ भावात धरा.

आरगॉन, म्हणजे त्या गॅसच्या आवरणात टंगस्टनच्या टोकाने केलेलं बारीक वेल्डिंग (टिग), या शर्यतीत नाहीच. तासाला पडणारा धातू रॉडपेक्षाही कमी, वेल्डरची मजुरी जास्त, आणि ७ घनमीटरचा सिलिंडर मिनिटाला १० लिटरने जेमतेम साडेअकरा तास चालतो. तरी किनाऱ्यावरच्या हॉटेलची स्टेनलेस रेलिंग मी आरगॉननेच करतो. दीड एमएमच्या पाइपवर रॉड लावला तर भोक पडतं, आणि नाही पडलं तरी ठिणग्यांचे चिकटलेले कण घासून बफिंग करण्यात दिवस जातो. एक खबरदारी: साध्या लोखंडावर चालवलेली ग्राइंडरची डिस्क स्टेनलेसला लावू नका. लोखंडाचे कण त्यात रुततात आणि खाऱ्या हवेत आठवड्याभरात तांबडे ठिपके उठतात. मग पुन्हा जायचं, फुकट.

दोन शेडची कोटेशनं हातात असतील तर सांध्याचं माप आधी विचारा. ६ च्या जागी ८ एमएमचा फिलेट मारला की धातू पावणेदोन पटीहून जास्त लागतो, मशीन कुठलंही असो. आमचे जुने वेल्डर “मजबूत करतो” म्हणत हेच करायचे. आता मी प्रत्येकाच्या खिशात फिलेट मोजायचं पत्र्याचं छोटं गेज दिलंय, आणि पहिला सांधा झाला की ते लावून दाखवायला सांगतो.