फारसी वाक्यरचनेचा ऑनलाइन कोर्स: काही महिने वापरल्यानंतर

पेशवाईच्या काळातले फारसी कागद कधीतरी स्वतः वाचता यावेत म्हणून गेल्या पावसाळ्यात हा कोर्स घेतला. शिकवणं इंग्रजीतून, भाषा आजच्या इराणची. शब्द पाठ होत होते, पण लांब वाक्य आलं की गाडी अडायची. त्यामुळे ‘जो–तो’च्या वाक्यांचे धडे मी पुन्हापुन्हा ऐकले, आणि माझ्या मते पैसे तिथेच वसूल होतात.

मराठीत जो, जी, ज्याला, ज्याचा असं रूप बदलतं. फारसीत या सगळ्यांना एकच ‘के’. मग ‘ज्याचा’ कसं म्हणायचं? ‘दूस्ती के पेसरश दर तेहरान अस्त’, म्हणजे ‘ज्याचा मुलगा तेहरानात आहे असा मित्र’. ‘पेसर’ला लागलेला ‘अश’, म्हणजे ‘त्याचा’, ते काम करतो. ‘ज़नी के बा ऊ हर्फ़ ज़दम’, ‘जिच्याशी मी बोललो ती बाई’, यातला ‘ऊ’ही तसाच, तो गाळून चालत नाही.

सगळ्यात सुंदर शिकवलीय ती नामाला लागणारी ‘ई’. ‘दानेशजूयानी के दर्स ख़ांदंद, क़बूल शोदंद’: ज्या विद्यार्थ्यांनी अभ्यास केला तेवढेच पास झाले. ‘ई’ काढा, ‘दानेशजूयान, के दर्स ख़ांदंद, क़बूल शोदंद’: अभ्यास सगळ्यांनीच केला होता आणि सगळेच पास झाले. एका अक्षरावर निकाल फिरतो! इज़ाफ़त, म्हणजे नामाला पुढच्या शब्दाशी जोडणारा ‘ए’, बहुधा लिहिलीच जात नाही, ही ‘ई’ मात्र पानावर दिसते, त्यामुळे वाचणाऱ्याला मोठा आधार. फक्त ‘एक’ किंवा ‘कुणी एक’ या अर्थाची ‘ई’ही तशीच दिसते, म्हणून पुढे ‘के’ आहे का ते बघायचं. मध्ये ‘रा’, म्हणजे कर्म दाखवणारा शब्द, येऊ शकतो: ‘केताबी रा के ख़रीदम, ख़ांदम’, विकत घेतलेलं पुस्तक वाचलं.

आता माझी पद्धत ठरलीय. ‘के’ शोधायचा, त्याचं क्रियापद कुठे येतं ते बघायचं, तेवढा भाग पेन्सिलीने कंसात टाकायचा. उरतं ते मुख्य वाक्य. क्रियापद शेवटी येण्याची आपल्याला सवय असतेच, इंग्रजीतून समजून घेताना उगाच जड जातं.

उणिवा आहेत. सराव फार थोडा, वाक्यं बेतशीर आणि छोटी. जुन्या पत्रांतल्या, एकात एक अडकलेल्या वाक्यांबद्दल काहीच नाही. त्यासाठी जाणकाराजवळ बसूनच शिकावं लागेल. लिपी येत नसेल तर आधी ती शिका, कोर्स पहिल्या धड्यापासून फारसी लिपीतच आहे.